पाचर कुठे बसवायची

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी परसातली जुनी चिंच एका वळवाच्या पावसात आडवी झाली. महाराष्ट्रात 1964 सालच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत चिंच आहे, म्हणजे उभी चिंच पाडायला परवानगी लागते. वाऱ्याने काही ती घेतली नव्हती. फांद्या चार दिवसांत शेजारीपाजारी गेल्या. बुंध्याचे चेन-सॉने दीड-दीड फुटाचे ओंडके करून घेतले आणि ते फोडायचं काम मी अंगावर घेतलं. शहरात राहणाऱ्या माणसाला सुट्टीत गावी गेल्यावर अंगमेहनतीचा जो उमाळा येतो, त्यातलाच हा प्रकार.

पहिला ओंडका दोन फूट जाडीचा होता. असा ओंडका ओला असताना किती भरतो, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्यातलं लाकूड साधारण सव्वाशे लिटर आकारमानाचं. ओली चिंच पाण्यापेक्षा हलकी नसते, म्हणजे वजन सव्वाशे-दीडशे किलोच्या घरात. छायाचित्रांतला लाकूडतोड्या लाकूड ठोकळ्यावर उभं करून कुऱ्हाड चालवतो. इथे ते उचलणंच शक्य नव्हतं. जिथे गडगडत आला तिथेच तो उभा केला, बरोब्बर मधोमध लोखंडी पाचर ठेवली आणि घण घातला. पाचर आत गेली. आणखी घातला, आणखी गेली. डोक्यापर्यंत बुडाली, पण ओंडका हूं की चूं करेना. पहिली सोडवायला शेजारी दुसरी ठोकली, तीही तशीच बुडाली. मग चिडून कुऱ्हाड मारली. तीही अडकली.

गावात लाकडं फोडायचं काम आयुष्यभर केलेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना मामा म्हणतात. ते बांधावरून चालले होते. थांबून त्यांनी ओंडक्याकडे पाहिलं.

"पाव्हणं, लोखंड पेरलंय व्हय?"

"मामा, फुटतच नाही हो."

"फुटंल कसं? तुम्ही त्येच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई."

ओंडक्याचं तोंड म्हणजे करवतीने कापलेली गोल बाजू. लाकूड फोडण्याची सगळी विद्या त्या तोंडावर लिहिलेली असते. तेव्हा लाकूड आतून कसं असतं, ते आधी पाहू.

झाडाच्या खोडाला दोन कामं फार महत्त्वाची असतात: जमिनीतलं पाणी शेंड्यापर्यंत पोचवायचं आणि वाऱ्यात उभं राहायचं. त्यासाठी लाकडाच्या बहुतेक सगळ्या पेशी उभ्या, लांबट, नळीसारख्या असतात. चिंच, बाभूळ, आंबा अशा झाडांतला एकेक तंतू साधारण एक मिलीमीटर लांब आणि केसापेक्षा बारीक. त्याच्या भिंती सेल्युलोजच्या दोऱ्यांनी विणलेल्या असतात आणि शेजारचे तंतू एकमेकांना लिग्निन नावाच्या द्रव्याने चिकटलेले असतात. खराट्याच्या काड्यांची जुडी घट्ट बांधून तिच्यात डिंक ओतावा, तसं हे बांधकाम. जुडी आडवी मोडायची तर प्रत्येक काडी मोडावी लागते. उभी उकलायची तर फक्त डिंक सुटायला हवा. म्हणूनच लाकूड लांबीच्या दिशेने ओढून तोडायला जितका ताण लागतो, त्याच्या तुलनेत तंतू एकमेकांपासून विलग करायला लागणारा ताण अगदी किरकोळ असतो. बऱ्याच लाकडांत हा फरक वीस पटींहून जास्त भरतो. करवत काड्या कापते, म्हणून तिला वेळ लागतो. पाचर डिंक सोडवते. 'फोडणं' आणि 'तोडणं' हे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत ते उगाच नाहीत. झाड तोडतात, लाकूड फोडतात.

या उभ्या तंतूंना छेदून काही पेशी आडव्याही जातात. गाभ्याकडून सालीकडे, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या. वनस्पतिशास्त्रात त्यांना काष्ठकिरण म्हणतात. या किरणांच्या बाजूने लाकूड मुळातच कच्चं असतं. त्यामुळे गाभ्यातून सालीकडे जाणाऱ्या रेषेवर ते सहज उकलतं आणि वर्षावलयांच्या कडेने, म्हणजे वर्तुळाला समांतर, त्या मानाने जास्त कुरकुर करतं.

ओंडका वाळायला लागला की हेच आरे आपण होऊन दिसायला लागतात. लाकडातलं मोकळं पाणी निघून जातं तोवर ते आकसत नाही. ओलावा कोरड्या वजनाच्या पंचवीस-तीस टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतीतलं पाणी जाऊ लागतं आणि आकसणं सुरू होतं. मात्र ते सगळीकडे सारखं नसतं. वलयांच्या दिशेने लाकूड जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते किरणांच्या दिशेने आकसतं. घेर लहान व्हायला बघतो, त्रिज्या तेवढी लहान होत नाही. मग तोंडावर तडे जातात, तेही आऱ्यांच्याच रेषेत. नळ्यांची तोंडं कापलेल्या बाजूला उघडी असल्याने पाणी तिथूनच भराभर उडतं आणि तडे आधी तिथेच दिसतात. मामा जे बघायला सांगत होते ते हे. त्यांच्या भाषेत तडा म्हणजे 'चीर'. चीर दिसली की ती कुठून कुठे जाते, गाभ्याच्या पलीकडे तिची जोडीदार आहे का, ती सालीवरच्या गाठीकडे वळते की गाठ टाळते, एवढं बघायचं आणि पाचर तिच्यावर ठेवायची. निम्मं काम सूर्याने आधीच केलेलं असतं.

माझ्या ओंडक्याला चिरा होत्या. मी पाचर मधोमध ठेवली, कारण मध्य हीच मला योग्य जागा वाटली. खरं तर मोठ्या ओंडक्याचा मध्य ही पाचर ठेवायची सगळ्यात वाईट जागा. तिथे पाचरीच्या दोन्ही बाजूंना फूट-फूट लाकूड असतं आणि ते सगळं तिला दाबून धरतं. कडेला मात्र एका बाजूला पाच-सहा इंचच लाकूड असतं. ते बाहेर झुकायला तयार असतं. म्हणून जाड ओंडका आधी कडेने सोलायचा. सालीकडच्या ढलप्या एकामागून एक काढत गोल फिरायचं, आतला भाग हाताच्या आवाक्यातला झाला की मग गाभ्यातून आरपार. ढलपी काढताना आपण किरणांच्या रेषेच्या विरुद्ध जातो, तरी ती निघते, कारण ती पातळ असते. जाडी आणि दिशा यांच्या भांडणात जाडी जिंकते.

आता पाचरीकडे वळू. माणसाच्या सगळ्यात जुन्या अवजारांपैकी हे एक. शाळेत साध्या यंत्रांमध्ये तरफ, कप्पी, उतरण यांच्या जोडीला पाचर शिकवतात आणि पुढे तिचं नाव निघत नाही. वीस सेंटिमीटर लांब आणि डोक्याशी पाच सेंटिमीटर जाड पाचर घ्या. ती चार सेंटिमीटर आत गेली की लाकूड एक सेंटिमीटर बाजूला सरकतं. म्हणजे कागदावर जोर चौपट. प्रत्यक्षात पाचरीच्या दोन्ही गालांवर होणारं घर्षण त्यातला अर्ध्याहून जास्त खाऊन टाकतं. मग पाचर उपयोगी का? कारण घण जे करतो ते.

चार किलोचा घण पाचरीवर सेकंदाला आठ मीटर वेगाने येतो, असं धरा. त्याच्या अंगात साधारण 128 जूल ऊर्जा असते. आकडा मोठा नाही. एक किलोची पिशवी घेऊन चौथ्या मजल्यावर चढलात तरी याच्या आसपास काम होतं. पण घण आठ मिलीमीटरमध्ये थांबतो. एवढी ऊर्जा एवढ्याशा अंतरात खर्चायची तर सरासरी जोर सोळाशे किलो वजनाइतका लागतो, म्हणजे एखादी मोटारगाडी पाचरीच्या डोक्यावर क्षणभर ठेवल्यासारखं. घण दुप्पट जड केला तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून नवखा माणूस दुकानातला सगळ्यात जड घण आणतो आणि दहाव्या घावाला खांदे टाकतो. जाणता चार-साडेचार किलोच्या वर जात नाही. घण खाली येताना जोर लावायचा नसतो, हेही मामांकडूनच कळलं. वर नेतानाच काय ते. खाली येताना त्याला फक्त वाट दाखवायची.

पाचरीचं एक विचित्र अंग आहे. तिचा कोन फार पातळ असेल तर ती घर्षणानेच अडकून बसते, निघत नाही. फार बोथट असेल तर घाव बसताच उलटी उडते. दोन्हींच्या मधली जाडी लोहाराला डोळ्यांनी कळते. फोडायच्या कुऱ्हाडीचे गाल याच कारणाने फुगीर असतात. झाड पाडायची कुऱ्हाड पातळ. ती ओंडक्यात रुतून बसते आणि आपण दांडा हलवत बसतो. माझी होती ती पाडायची.

एकदा तडा सुरू झाला की आणखी एक गंमत होते. पाचरीची धार कामातून सुटते. बारकाईने पाहिलंत तर दिसेल, तडा धारेच्या बराच पुढे पळालेला असतो आणि धार पोकळीत असते. लाकूड टेकलेलं असतं ते पाचरीच्या गालांना. आता फोडण्याचं काम धार करत नसून लाकडाचे दोन अर्धे भाग स्वतःच तरफेसारखे करत असतात. 1921 साली ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने काचेतल्या तड्यांवर लिहिलेल्या निबंधात याचं गणित मांडलं. तडा पुढे सरकतो तेव्हा नवे पृष्ठभाग उघडे पडतात, त्यासाठी ऊर्जा लागते, आणि वाकलेल्या वस्तूत साठलेली ऊर्जा तेवढी पुरवू शकली की तडा आपला आपण धावतो. पुढे 1930 साली ओब्राइमोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने अभ्रकाच्या थरांत काचेची पाचर सरकवून हे मोजून दाखवलं. वखारीतला माणूस हे कानाने मोजतो. पाचर नुसतीच आत जात असते तेव्हा घणाचा आवाज घावागणिक चढत जातो, कोरडा, खणखणीत. मग एका घावाला तो बद्द येतो आणि आतून चर्र असा आवाज निघतो. त्या क्षणी मामा घण खाली ठेवतात आणि बिडी काढतात. "त्येचं त्ये फुटतंय आता, कशापायी मारायचं?" आणि खरंच, दोन झुरक्यांत चीर तळापर्यंत उतरते.

वाकलेल्या लाकडात साठलेल्या या ऊर्जेचा सगळ्यात प्रसिद्ध बळी म्हणजे पंचतंत्रातलं माकड. देवळाच्या बांधकामावरचे सुतार अर्धवट चिरलेल्या खांबात पाचर ठोकून जेवायला जातात, माकड त्या फटीत बसून पाचर उपटतं आणि मरतं. लहान मुलांच्या पुस्तकांत त्याचं शेपूट अडकतं. मूळ गोष्ट इतकी सोवळी नाही. पण माझं लक्ष तिथल्या एका तपशिलाकडे जातं. पाचर खैराची आहे. ज्याने कोणी गोष्ट रचली, त्याला माहीत होतं की लाकडात ठोकायची लाकडी पाचर जड, चिवट आणि कठीण हवी, आणि खैर तसाच आहे. लोखंड महाग होतं तेव्हा पाचरी लाकडाच्याच असत. आजही लोखंडी पाचर अडकली की ती सोडवायला जाणते लोक बाभळीची पाचर तासून तिच्या शेजारी ठोकतात. ती बिघडली तर जळणात जाते, शिवाय चुकून कुऱ्हाड तिच्यावर बसली तरी धार जात नाही.

मामांनी माझ्या पाचरी अशाच सोडवल्या. ओंडका आडवा पाडला, बाजूला सालीवर कान लावल्यासारखा चेहरा नेऊन एक बारीक रेघ शोधली आणि त्या रेघेत कडेने बाभळीच्या दोन पाचरी आळीपाळीने ठोकल्या. एकीला दोन घाव, दुसरीला दोन. अर्ध्या तासात ओंडक्याची एक बाजू सुटली आणि माझ्या पाचरी आपोआप मोकळ्या होऊन पडल्या. पडलेली एक त्यांनी उचलून मला दाखवली. तिचं डोकं घाव खाऊन अळंबीसारखं पसरलं होतं, कडांना कंगोरे आले होते. "ह्ये घासून आणा आधी. न्हाईतर डोळा जाईल." हे मात्र विनोदाने घेऊ नये. पसरलेल्या कडेचा कपचा पुढच्या घावाला गोळीसारखा सुटतो. चष्मा हवाच, पण त्याआधी कानस हवी. कुऱ्हाडीच्या तुंब्याने पाचर ठोकायची सवयही तितकीच वाईट. दांडा जिथे बसतो ते भोक त्या घावांनी ताणलं जातं, आणि एक दिवस पातं दांडा सोडून स्वतःच्या वाटेने जातं. सकाळी काम सुरू करण्याआधी कुऱ्हाड बादलीत बुडवून ठेवायची पद्धत सगळीकडे दिसते. दांडा फुगतो, पातं घट्ट बसतं, संध्याकाळी वाळतो आणि पूर्वीपेक्षा जरा ढिला होतो. उपाय म्हणून ठीक, सवय म्हणून नाही. दांड्याच्या डोक्यात नवी पाचर मारावी हे बरं. तिथेही पाचरच!

चिंचेच्या बाबतीत एवढं सगळं जाणूनही भागत नाही. वर खराट्याची जुडी म्हटलं, ते साध्या सरळ लाकडाबद्दल. अनेक उष्ण कटिबंधीय झाडांत तंतू सरळ उभे न वाढता खोडाभोवती किंचित पीळ घेत वाढतात, आणि काही वर्षं उजवीकडे, मग काही वर्षं डावीकडे असा हा पीळ बदलत जातो. सुंभाच्या दोराचे पदर उलटसुलट पिळलेले असतात, तसं. उजव्या पिळाच्या थरातून पळणारा तडा पुढच्या थरात डावीकडे ओढला जातो, अडखळतो, थांबतो. फुटलेली बाजू गुळगुळीत नसते. तिच्यावर लांबलांब झावळ्या लोंबतात आणि दोन्ही भाग त्यांनी एकमेकांना धरून राहतात. त्या झावळ्या कुऱ्हाडीने तोडाव्या लागतात. चिंच हे याचं पक्कं उदाहरण. ज्या लाकडात पीळ नाही ते कितीही कठीण असो, फुटतं. बाभूळ कठीण आहे, तरी तिचा सरळ वाढलेला, गाठ नसलेला ओंडका तीन-चार घावांत दोन होतो. कठीणपणा वेगळा, चिवटपणा वेगळा. चिंच चिवट.

'कठीण लाकूड' या शब्दाचाही एक घोळ आहे. वनस्पतिशास्त्र फुलझाडांच्या वर्गातल्या सगळ्याच लाकडांना कठीण म्हणतं आणि पाइन, देवदार यांच्या वर्गाला मऊ. त्या हिशेबाने शेवगा आणि काटेसावर कठीण लाकडं ठरतात! शेवग्याची फांदी शेंगा काढताना पोराच्या वजनाने मोडते, हे ज्याने वर्गीकरण केलं त्याने पाहिलं नसावं. जळणाचा विचार करणाऱ्याने वर्ग विसरून वजन बघावं. पूर्ण वाळलेलं कोणतंही लाकूड किलोमागे साधारण साडेचार ते पाच हजार किलोकॅलरी देतं. बाभूळ 4,800 ते 4,950, खैर पाच हजारांच्या थोडा वर, आणि हलकी लाकडंही फार मागे नाहीत. फरक आहे तो आकारमानाचा. बाभळीचं घनफूटभर लाकूड बावीस-तेवीस किलो भरतं, सावरीचं दहाच्या आसपास. सावर चुलीत भुर्रकन जाते, बाभूळ निखारा धरते. चूल सांभाळणाऱ्या बाईला नेमका हाच फरक लागतो. भाकरीला जाळ हवा, वरणाला निखारा.

वखारीत लाकूड वजनावर विकतात, आणि इथे गिऱ्हाइकाची फसगत होते ती ओलाव्याने. शंभर किलो ओल्या लाकडात चाळीस किलो पाणी असेल, तर जळणारं लाकूड साठच किलो. वर ते चाळीस किलो पाणी आधी तापवून वाफ करायचं, किलोला सहाशे किलोकॅलरीच्या वर, तेही त्याच साठ किलोंच्या खर्चाने. डोळ्यांत धूर जातो तो वेगळाच. आमच्याकडे वखारवाला ओल्या मणाचा भाव घेई आणि 'दोन ऊन लागली की टणटणीत' असं सांगे. दोन उन्हांत वाळते ती साल. अख्खा ओंडका आतून वर्षभर ओला राहू शकतो, कारण साल पाणी सोडत नाही आणि आडव्या दिशेने पाणी फार हळू सरकतं. म्हणून ओंडका फोडण्याचं खरं कारण चुलीत मावणं एवढंच नाही. फोडल्याशिवाय तो वाळतच नाही. कोकणात पावसाळ्याआधीची जी आगोट भरतात, तीत तांदूळ, मीठ, सुकी मासळी यांच्या जोडीला पडवीत किंवा मांगरात रचलेली फोडलेली लाकडं असतात. चैत्रात फोडलेलं लाकूड आषाढात पेटतं. जेठाच्या शेवटी फोडलेलं दिवाळीत.

ओलं फोडावं की वाळलेलं, यावर वखारीत कायम दोन पक्ष असतात. माझं मत मामांच्या बाजूने आहे. बाभूळ, चिंच, धावडा यांसारखी लाकडं ओली असताना नरम असतात, वाळल्यावर लोखंड होतात. पण तोंडावर चिरा पडायला थोडं वाळायला लागतं. तेव्हा कापल्यावर दोन-तीन आठवडे थांबावं, चिरा दिसल्या की उरकावं. बुडाकडून फोडावं की शेंड्याकडून, हा दुसरा वाद. दोन्हीकडून मारून पाहिल्यावर मला तरी एवढंच कळलं की गाठ ज्या टोकाला आहे त्याच्या उलट्या टोकाने सुरुवात करावी. गाठीपर्यंत पोचेतो तड्याला वेग आलेला असतो. वखारीत थप्पी उपसताना एक गोष्ट मात्र वाद न घालता करावी: सालीखाली बोट घालण्याआधी लाकूड आपटावं. विंचवाला बाभळीची सुटलेली साल फार आवडते.

हे सगळं आता किती लोकांच्या कामाचं, असं कुणी विचारेल. उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि सिलिंडर खेड्यापाड्यांत पोचलं, तरी 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं 43 टक्क्यांच्या आसपासच होती. मात्र चुलीतलं रोजचं सरपण बहुतेक बायकाच आणतात, डोक्यावरच्या मोळीने, आणि मोळीत ओंडके नसतात. हाताने मोडतील अशा काटक्या, कोयत्याने छाटलेल्या फांद्या, वेड्या बाभळीची शिरी. मोठा ओंडका फोडणं हे कायम पुरुषांचं, मणाच्या हिशेबाने मजुरी घेऊन केलेलं काम राहिलं. त्याचं गिऱ्हाईक म्हणजे लग्नाच्या जेवणावळी, पावाच्या भट्ट्या आणि स्मशान. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागतं, ते फोडलेलं आणि वाळलेलं हवं, आणि तिथे कुणाला थांबता येत नाही. मुंबईतल्या बेकऱ्यांच्या लाकडाच्या भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा तशा इंधनावर न्या, असा आदेश उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला. हवा पाहता तो योग्यच आहे. पावाची चव जाईल म्हणून हळहळणाऱ्यांपैकी भट्टीसमोर रात्र काढलेले थोडेच असतील.

आमच्या चिंचेचे सगळे ओंडके मामांनी आणि मी मिळून सहा दिवसांत संपवले. मी मोजून दोन फोडले. एक राहिला. बेचक्याचा, जिथून दोन मोठ्या फांद्या फुटत होत्या तिथला. बेचक्यात दोन फांद्यांचे तंतू एकमेकांत गुंतून वाढलेले असतात आणि पाचरीला सरळ वाट अशी मिळतच नाही. मामांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, तुंब्याने टकटक केलं आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकली.

"ह्यो होळीला ठेवा."

होळीपर्यंत तो राहिला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी खाटीक आला. त्याचा जुना ठोकळा झिजून मध्ये खळगा पडला होता आणि त्याला चिंचच हवी होती. त्याच्या सत्तूराचे घाव ठोकळ्याच्या तोंडावर, म्हणजे तंतूंच्या टोकांवर पडतात. सरळ लाकडाचा ठोकळा महिनाभरात उभा चिरतो, पिळाचा चिरत नाही. त्याने बेचकं उलटंपालटं करून पाहिलं, पसंत केलं. मग एका बाजूला बोट ठेवलं. पहिल्या दिवशी माझी पाचर निसटून तिथे खाच पडली होती, बोटभर खोल.

"ही चीर हाय," तो म्हणाला. "पन्नास कमी करा."